धंदा आणि टेक्नॉलॉजी वापरून गावाकडचे प्रश्न सोडवायचेत? मराठवाड्यातून सारखे येणारे प्रश्न

कॉलेजात गेलं, बचत गटाच्या मीटिंगला बसलं, नाहीतर मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) चहा प्यायला थांबलं तरी लातूरपासून जालन्यापर्यंत लोक तेच तेच प्रश्न विचारायलेत, आणि प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे. क्रमानं वाचायची गरज नाही, ज्याला जे लागतं ते वाचा.

ताई, सामाजिक उद्योग म्हणजे नेमकं काय? एनजीओलाच नवीन नाव दिलंय का?

नाही. एनजीओ देणगीवर किंवा अनुदानावर चालते. सामाजिक उद्योग वस्तू किंवा सेवा विकून चालतो, पण तो सुरूच झालेला असतो लोकांचा एखादा त्रास कमी करायला. नफा लागतोच, नाहीतर दोन वर्षांत शटर खाली. हे काही आत्ताचं फॅड नाही बरं का. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी १९४६ मध्ये संघ काढला आणि त्यातून अमूल उभं राहिलं, मुंबईत १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्याचं लिज्जत झालं. आपल्या जालन्यातच बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये बियाणं कंपनी काढली, आणि पुढं १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. हायब्रीड बियाणं साध्या शेतकऱ्यापर्यंत पोचवणं हा धंदाही होता आणि टेक्नॉलॉजीही होती. तेव्हा या कशालाच कुणी स्टार्टअप म्हणत नव्हतं एवढंच.

गरीब माणसाकडून पैसे घ्यायचे? मनाला पटत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण एक गोष्ट बघा. गरीब माणूस आत्ताच पैसे मोजतोय. पाण्याचा प्रश्न आहे म्हणून तो टँकरला आणि जारला पैसे देतोय, गावात डॉक्टर नाही म्हणून दवाखान्याला जाताना एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचं भाडं, दोघांची बुडालेली मजुरी असं सगळं मिळून तो तपासणीच्या फीपेक्षा जास्त खर्च करून येतोय, बँक दारात उभं करत नाही म्हणून सावकाराला शेकडा तीन-चार रुपये महिना व्याज देतोय. कोणताच प्रश्न त्याला फुकट पडत नाही.

म्हणून गावात गेल्यावर "तुमच्या समस्या काय" असं विचारूच नका, त्याला सगळे रस्ता, गटार, लाईट असंच सांगतात. विचारायचं असं की या त्रासापायी महिन्याला किती जातात, कुणाच्या खिशातून जातात आणि कुणाच्या खिशात जातात. तो आकडा हातात आला की तुमचा धंदा होतो का नाही ते तिथंच कळतं. तुमची सेवा त्या आकड्यापेक्षा स्वस्त पडत असेल तर पैसे घेताना लाजू नका. महाग पडत असेल तर एकतर ते काम सरकारचं आहे नाहीतर देणगीचं, त्याला धंद्याचं रूप देऊन उपयोग नाही.

आणि ज्याला अजिबातच परवडत नाही त्याचं काय? मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. ज्यांना परवडतं ते पैसे देतात, त्यातून बाकीच्यांचं फुकट किंवा अगदी कमी पैशात होतं, ऑपरेशनचा डॉक्टर आणि दर्जा तोच. डोळ्यात बसवायची लेन्स बाहेरून महाग यायची म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ती स्वतःच बनवायला घेतली. म्हणजे दर कमी करायचा मार्ग शोधणं हेच तिथं टेक्नॉलॉजीचं मुख्य काम होतं.

असा "आकडा" शोधायचा म्हणजे काय? एखादं आपल्याकडचं उदाहरण सांगा ना.

सोयाबीन घ्या. मळणी ऑक्टोबरात, नेमका परतीचा पाऊस, रास करून दोन दिवस झाले की शेतकऱ्याला पैशाची घाई, आणि माल ओला. मोंढ्यावर कट्टा (पोतं) फोडला की मूठभर दाणे हातात घेऊन, दोन दाताखाली धरून "ओलं हाय" म्हणलं जातं आणि कटती लागते, म्हणजे भावात कपात होते. शेतकऱ्याकडं स्वतःचा आकडा नसतो, त्यामुळं भांडायला काही नाही आणि परत न्यायला भाडं नाही.

आता हिशेब मांडू. १०० किलो सोयाबीनमध्ये १६ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल झाला ८४ किलो. तोच १२ टक्क्यांवर वाळवला तर ८४ भागिले ०.८८, म्हणजे वजन उरतं साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास. खरी घट क्विंटलला साडेचार किलो. २०२५-२६ च्या हमीभावानं, म्हणजे ५,३२८ रुपयांनी, ती होते साधारण २४० रुपये. व्यापाऱ्याला वाळवायचा खर्च आहे, जागा लागते, तो थोडं जास्त धरणार, ते रास्त आहे. पण त्याच मालाला ६०० रुपये कमी लागले तर मधले साडेतीनशे कशाचे?

एका गटानं एवढंच केलं की एक मॉइश्चर मीटर (ओलावा मोजायचं यंत्र) घेतलं आणि गावातल्याच बारावी झालेल्या पोरीला त्यावर बसवलं. कट्ट्यात वर, मधे, खाली लोखंडी नळी खुपसून दाणे काढायचे, तीन वेळा मोजायचं, सरासरी चिठ्ठीवर लिहायची, खाली तारीख आणि सही. नमुन्याला थोडे पैसे. ज्याचा माल १६-१७ निघाला त्याला ती सांगते, काका दोन दिवस ऊन दाखवा आणि मग न्या. बाकी काही नाही. पण चिठ्ठी खिशात असली की मोंढ्यावर बोलायची पद्धतच बदलते, आणि व्यापाऱ्यांनाही बरं पडतं कारण ढीग एकसारखा येतो. पुढं याच गटानं चाळणी-प्रतवारीचं मशीन घेतलं, मग गोदामाकडं वळले. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांची अट असते, २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली होती, असले बदलही त्या पोरीच्या फळ्यावर लिहिलेले असतात.

टेक्नॉलॉजी म्हणाल तर एक मीटर आणि एक फळा. मला विचाराल तर मराठवाड्यात पुढची दहा वर्षं पुरतील एवढे धंदे याच प्रकारात पडून आहेत, जिथं एका बाजूकडं आकडा आहे आणि दुसऱ्याकडं नाही.

अ‍ॅप बनवायचंच आहे, डेव्हलपर शोधून द्या.

थांबा. आधी सहा महिने वही, फोन कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच काम करून बघा. ५० जणांचं काम वहीवर होत नसेल तर अ‍ॅपवर ५ हजारांचं होणार नाही. आणि वहीवर जमलं तर अ‍ॅपमध्ये नेमकं काय पाहिजे हे तुम्हाला आपोआप कळतं.

दुसरं म्हणजे फोन कुणाच्या हातात असतो हे बघा. घरात एकच स्मार्टफोन, तो पोराकडं किंवा नवऱ्याकडं, आणि आपण बाईसाठी अ‍ॅप बनवतो. टायपिंग टाळा, आवाजात बोलता आलं पाहिजे. साध्या फोनवरूनही पैसे पाठवता यावेत म्हणून २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, हे माहिती असू द्या, कारण तुमची गिऱ्हाईकं अशीच असणार आहेत. आणि लोकांचा आधार नंबर, सातबारा, बँक पासबुकाचे फोटो उगाच गोळा करत बसू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. कायदा नसता तरी ज्यानं विश्वासानं कागद दिला त्याचा कागद ग्रुपवर फिरणं हे वाईटच.

आमच्या गावात आरओ प्लांट टाकायचा विचार आहे, पाच रुपयात जार. हा सामाजिक उद्योग होईल का?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण पाण्याच्या नावावर आपल्याकडं काहीही खपतं.

२०१६ चा उन्हाळा विसरलेला लातूरकर सापडणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वॅगन, प्रत्येकीत ५० हजार लिटर. त्या वर्षी टँकर आणि जार यांचा धंदा किती वाढला हे सगळ्यांनी बघितलं. तर पहिला निकष हा की तुमची कमाई प्रश्न कमी होण्यावर आहे का प्रश्न टिकण्यावर. ज्याचं पोट टंचाईवर चालतं तो टंचाई हटवायला धावणार नाही, माणूस कितीही चांगला असो.

आता आरओ. आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २ हजारांपर्यंत चालतं, फ्लोराइड १ च्या आत आणि जास्तीत जास्त दीड, नायट्रेट ४५. तुमच्या बोअरचं पाणी नुसतं गढूळ असेल किंवा त्यात जंतू असतील तर गाळणी आणि क्लोरिननं भागतं, आरओची गरजच नाही. आरओ लागतो तो क्षार, फ्लोराइड, नायट्रेट जास्त असेल तिथं. आणि आरओचं दुखणं हे की जेवढं पाणी आत जातं त्यातलं निम्मं, जुन्या मशीनला निम्म्याहून जास्त, खारं होऊन बाहेर पडतं. बरेच जण ते सरळ नालीत सोडतात. दुष्काळी भागात बोअर उपसून अर्धं पाणी नालीत, आणि वर बोर्ड "शुद्ध जल सेवा".

टाकायचाच असेल तर ते फेकाऊ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या, भांडी, फरशी, गाड्या धुणं, बांधकाम यांना द्या, मेंब्रेन (आरओच्या आतला गाळणारा पडदा) बदलायचे पैसे पहिल्या महिन्यापासून वेगळे काढा कारण ते दोन-तीन वर्षांनी एकदम अंगावर येतात आणि तिथंच बहुतेक गावचे प्लांट बंद पडलेले दिसतात. गावातली पाच-दहा घरं अशी असतात की त्यांना पाच रुपयेही जड जातात, त्यांची सवलतीची कार्डं ग्रामसभेत ठरवा आणि तो भार दरातच धरा. उन्हाळ्यात दर वाढवायचा नाही हे करारात लिहून घ्या. एवढं करून धंदा बसत असेल तर जरूर टाका.

बायकांनी चालवलेले मोठे उद्योग आपल्याकडं आहेत का, का सगळं पापड-लोणच्यापुरतंच?

आहेत ना. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाल्यावर घरं परत बांधायच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. सिमेंट किती, सळई कुठली, हप्ता कधी येणार, हे त्या घरोघरी सांगायच्या. त्याच कामातून पुढं प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली आणि लातूर-धाराशिवच्या बायकांनी नुसती बचत न करता विक्रीच्या धंद्यात उतरायचं ठरवलं. त्यांचं एक एकर शेतीचं मॉडेल मला सगळ्यात आवडतं. घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईनं मागून घ्यायचा, त्यात नगदी पिकाऐवजी डाळी, भाजी, ज्वारी-बाजरी असं मिश्र लावायचं, आधी घरात खायचं आणि उरलेलं विकायचं. दुष्काळात नवऱ्याचं सोयाबीन गेलं तरी चूल चालू राहते. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला त्यांना.

पण त्याच बायकांची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. २००६ च्या आसपास एका मोठ्या तेल कंपनीनं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं ऊर्जा नावाची बिनधुराची चूल आणली, शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारी, आणि ती गावात विकायला याच बायका उतरल्या. चूल उत्तम होती, लाखांनी खपली. पण गोळ्या गावात बनत नव्हत्या, त्यांचा कच्चा माल महागला, भाव वाढत गेला, आणि चुली माळ्यावर गेल्या. कंपनीनंही तो धंदा पुढं दुसऱ्याला विकला. म्हणून कुणी नवीन मशीन घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारते, याला रोज काय लागतं आणि ते कुठून येतं, त्याचा भाव कोण ठरवतं. मशीन एकदाच घ्यायचं असतं, खरा खर्च त्याच्या पोटात रोज जे घालायचं त्याचा.

खाण्याच्या वस्तूंबद्दल म्हणाल तर पापड-लोणच्याला कमी लेखू नका. कुंथलगिरीचा खवा, वसमतची हळद, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे. नाव आहे, कायदेशीर हक्क आहे, पण गिऱ्हाइकापर्यंत पाकिटावर नाव घालून पोचवणारे फार थोडे. धंदा छोटा असेल तर अन्न सुरक्षेची बेसिक नोंदणी अगदी थोड्या सरकारी फीत होते, एजंटाला हजारो देऊ नका.

टेक्नॉलॉजीनं सुटत नाही असं काय असतं?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी बायकांचं गर्भाशय काढण्याचं प्रकरण घ्या. २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली, जवळपास ८२ हजार बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर बायकांचं ऑपरेशन झालेलं निघालं. आता यावर मला किती जणांनी अ‍ॅपच्या कल्पना पाठवल्या. पाळी ट्रॅक करायचं अ‍ॅप, टेलिमेडिसिन, पॅडचं मशीन. पॅड मिळालं पाहिजे, डॉक्टरही मिळाला पाहिजे, नक्की. पण त्या बाईचं दुखणं बघा. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या कोयत्यानं, म्हणजे जोडीनं, उचल (आगाऊ रक्कम) घेतलीय, ती फेडल्याशिवाय सुटका नाही, एक दिवस गेलं नाही की खाडा लागतो आणि खाड्याचे पैसे कापतात, फडावर (तोडणीच्या शेतात) संडास नाही, पाणी नाही. पाळीत खाडा परवडत नाही म्हणून ती ऑपरेशनला तयार होते. हा कराराचा आणि मजुरीच्या कायद्याचा प्रश्न आहे. इथं धंदेवाल्यानं हात घालायचाच असेल तर फडावरची फिरती शौचालयं, कोपीवरच्या (तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या) लेकरांची शाळा, उचलीची लेखी नोंद अशा गोष्टींत घालावा, आणि मूळ भांडण संघटनेनं आणि सरकारनं लढायचं आहे हे मान्य करावं. त्याच्या आड येऊ नये.

म्हणजे टेक्नॉलॉजी कधीकधी नुकसान पण करते?

करते. बीटी कापूस २००२ मध्ये आला, बोंडअळीवर सुरुवातीला खरंच उपयोग झाला, फवारण्या कमी झाल्या. पण अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावायच्या असतात त्या कुणी लावल्या नाहीत, फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवणं) घेत राहिले, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं शेतं खाल्ली. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायला शेततळं हे उत्तम साधन, जालन्याजवळच्या कडवंचीत पाणलोटाचं काम नीट झालं म्हणून तिथं द्राक्षं उभी राहिली. पण जिथं प्लास्टिक कागद अंथरून बोअरचं पाणी उपसून तळं भरतात तिथं जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि वर ऊन ते उडवून नेतं. तळं तेच, कागद तोच, शेजाऱ्याचा बोअर मात्र आटतो.

नोंदणी कशात करू? ट्रस्ट, कलम ८, प्रायव्हेट लिमिटेड, का शेतकरी कंपनी?

पैसा कुठून येणार यावर ठरवा. देणगी आणि सीएसआरच (मोठ्या कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा) येणार असेल तर ट्रस्ट किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनी. यातून नफा वाटता येत नाही, पण पगार घेता येतो, त्यामुळं "फुकट काम करावं लागेल" ही भीती काढून टाका. गुंतवणूकदार आणायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेड. शेतकऱ्यांचाच माल, शेतकऱ्यांचेच शेअर असतील तर उत्पादक कंपनी, ही तरतूद २००२ पासून आहे आणि १० शेतकरी मिळून काढता येते. आणि सुरुवातीला काहीच नको, नुसतं बघायचंय, तर उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करा, ती पूर्ण फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी वेबसाईट दिसली की बंद करा. उद्यमचा फायदा हा की मोठ्या गिऱ्हाइकानं ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत असा कायदा तुमच्या बाजूनं राहतो.

एवढ्या शेतकरी कंपन्या निघाल्या, मग बंद का पडल्या?

केंद्राची १० हजार एफपीओंची (शेतकरी उत्पादक कंपन्यांची) योजना २०२० मध्ये आली, तीन वर्षांत व्यवस्थापनाला १८ लाखांपर्यंत मदत. चांगली योजना. पण बऱ्याच ठिकाणी कंपनी निघाली ती योजनेसाठी, मालासाठी नाही. तीन वर्षं सीईओचा पगार अनुदानातून, चौथ्या वर्षी पगार थांबला की सीईओ गेला, सीईओ गेला की ऑफिसची किल्ली हरवली.

दुसरं कारण कुणी सांगत नाही ते म्हणजे वार्षिक रिटर्न. कंपनीनं काही केलं नाही तरी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावं लागतं, उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म, वर्षभर उशीर, हिशेब करा, ७० हजारांवर गेलं. डायरेक्टर झालेल्या साध्या शेतकऱ्याला हे नोटीस आल्यावर कळतं. पहिल्याच बैठकीत सीए ठरवा, त्याची फी बजेटमध्ये धरा, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या तारखा भिंतीवर लावा.

भांडवल कुठून आणायचं?

आधी गिऱ्हाइकाकडून. ॲडव्हान्स द्यायला दहा माणसं तयार नसतील तर बँक तरी का देईल? त्यानंतर मुद्रा ही छोट्या धंद्यांना कर्जाची सरकारी योजना, जिची मर्यादा आता २० लाखांपर्यंत आहे, पण वरचा टप्पा आधीचं कर्ज फेडलेल्यांनाच. अन्नप्रक्रिया असेल तर पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना), ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, शिवाय गटातल्या बाईमागं ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. चालू आहे का हे कृषी विभागात विचारून मगच कागदाला लागा. सीएसआरचं म्हणाल तर ५०० कोटी नेटवर्थ, हजार कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यातलं काहीही एक असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो, संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत अशा कंपन्या आहेत. फक्त सीएसआर वर्षावर्षाला बदलतं, त्यावर पगार उभे करू नका. अनुदानासाठी धंदा बदलू नका, हे मी कितीदा सांगते, तरी लोक बदलतात.

गटातल्या बायकांवर चार-चार मायक्रोफायनान्सची कर्जं आहेत. हे पण "सामाजिक" म्हणूनच आलं होतं ना?

हो. बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांना आणि ग्रामीण बँकेला २००६ मध्ये नोबेल मिळालं ते याच कल्पनेसाठी, आणि २०१० मध्ये आंध्रात याच धंद्याच्या वसुलीनं केवढं संकट आलं तेही जगानं बघितलं. कल्पना चांगली असूनही वाढीची घाई झाली की असं होतं.

तुमच्या गटाला हे पाठ करायला सांगा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घराला दिलेलं हे कर्ज बिनतारण असतं, घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही. रात्री आठला दारात येऊन बसला तर ती बाई एकटी नाही, अख्खा गट तिथं जाऊन बसला पाहिजे आणि रिझर्व्ह बँकेकडं तक्रार गेली पाहिजे. एका कर्जानं दुसरं फेडणं चालू झालंय का, हे गटाच्या प्रत्येक मीटिंगला विचारा, लाज वाटेल म्हणून टाळू नका. यातून वाट काढायला स्वतःच्या बचतीतली अंतर्गत कर्जं आणि उमेद किंवा माविम या बचत गटांसाठीच्या सरकारी यंत्रणांमार्फत बँकेची जोडणी, हेच अजून तरी सगळ्यात स्वस्त.

ड्रोन घेऊ का? ८० टक्के सबसिडी आहे म्हणतात.

केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत २०२५-२६ पर्यंत बायकांच्या गटाला ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत सबसिडी होती, आता चालू आहे का ते विचारा. घ्या, पण आधी पंचक्रोशीत किती एकर फवारणी मिळेल, बॅटऱ्या किती, बिघडल्यावर दुरुस्ती कुठं, आणि पावसाळ्याचे दोन-अडीच महिने सोडून त्याचं काय करणार ते लिहून काढा.

आपलं काम खरंच उपयोगाचं आहे हे मोजायचं कसं?

सुरुवातीला जो आकडा घेतला होता तोच परत घ्या. सोयाबीनच्या कटतीचे किती जात होते, आता किती जातात. "१० हजार लाभार्थी" हा आकडा फोटोखाली टाकायला चांगला, त्यानं कुणाचं काय बदललं ते कळत नाही. आणि सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांना मुद्दाम भेटा. एक बाई गटातून का गेली हे तिच्या ओट्यावर बसून ऐकलं की जे कळतं ते कुठल्याच सर्व्हेत येत नाही.

पुण्याला जावं लागेल का?

पहिली दोन वर्षं तर अजिबात नाही, तुमचं गिऱ्हाईक इथं आहे. संभाजीनगरात नव्या उद्योगांना मदत करणारं मॅजिक आहे, तसंच विद्यापीठाचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि तिथल्या शास्त्रज्ञांना फोन केला तर बोलतात, अनुभव घेऊन बघा. घरचे म्हणतील नोकरी कर, आणि त्यांचंही चुकत नाही, दुष्काळात महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत त्यांनी बघितलेली असते. वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका, तोवर शनिवार-रविवार करा.

गावच्या पुढाऱ्याला डायरेक्टर म्हणून घ्यावं का? नाहीतर तो काम होऊ देणार नाही.

विचारून घ्या, सन्मान द्या, कार्यक्रमाला बोलवा, पण सहीचा अधिकार देऊ नका. उत्पादक कंपनीत ५ ते १५ डायरेक्टर लागतात आणि शेतकरी सभासद असतील तर शेअर कितीही असले तरी मत एकालाच एक, हा नियम तुमच्याच बाजूनं आहे. पहिल्या सर्वसाधारण सभेत तो मोठ्यानं वाचून दाखवा, इतिवृत्तात लिहा, आणि चेकवर दोन सह्या ठेवा, त्यातली एक बाईची.